नसलेल्या शॉक अब्सॉर्बरच्या तपासणीचं बिल

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापिका,
क्लासिक मोटार दुरुस्ती विभाग,
स्लाव, बर्कशायर

विषय : सिट्रोएन सीएक्स २४०० पॅलास (१९७९). हायड्रॉलिक यंत्रणेत चुकीचं ऑइल भरल्याबद्दल आणि न केलेल्या कामाचे पैसे लावल्याबद्दल तक्रार.

स. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मराठीत बोललात, म्हणून हे पत्र मराठीत लिहितो आहे. इंग्रजी प्रत तुमच्या संचालकांच्या नावाने रजिस्टर टपालाने गेली आहे. ती कोर्टात दाखवता येईल अशी बेताची लिहिली आहे, इथे जरा मोकळेपणाने लिहितो.

तुम्ही म्हणालात, "काका, गाडी चाळीस वर्षांच्या वरची आहे, काही ना काही निघणारच." हे वाक्य वर्कशॉपमधल्या कुणीतरी तुमच्या तोंडी दिलं असणार, त्यामुळे राग तुमच्यावर नाही. पण गाडीचं वय या प्रकरणात कुठेच येत नाही. जे बिघडलं ते तुमच्याकडे आठवडाभर उभी असताना बिघडलं, आणि कशामुळे बिघडलं ते तुमच्याच बिलावर छापलेलं आहे.

गाडी टाकताना मी दोन तक्रारी लिहून दिल्या होत्या. एक, गाडी खड्ड्यांवर दगडासारखी आदळते. दुसरी, इंजिन चालू असताना बॉनेटखालून दर तीन-चार सेकंदांनी 'टक्' असा आवाज येतो. सीएक्सच्या कुठल्याही जाणकाराला एवढं सांगितलं की तो बॉनेट उघडायच्या आधीच निदान करतो. या गाडीला लोखंडी स्प्रिंग नाहीत. प्रत्येक चाकाशी एक धातूचा गोळा आहे, त्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला ऑइल. स्प्रिंगचं काम तो वायू करतो. वर्षानुवर्षांत वायू पडद्यातून झिरपत कमी होतो आणि गाडी कडक होते. पाचवा गोळा इंजिनापाशी असतो, त्याला अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात. पंपाने तयार केलेला दाब तिथे साठतो, साधारण १७० बारपर्यंत. दाब उतरला की रेग्युलेटर पंपाला पुन्हा कामाला लावतो, तोच तो 'टक्'. धडधाकट गाडीत इंजिन नुसतं चालू असताना तो अर्ध्या मिनिटाने किंवा त्याहून उशिरा येतो. तीन-चार सेकंदांनी यायला लागला तर अ‍ॅक्युम्युलेटर संपला, एवढं सरळ आहे.

आता बिल. पाच गोळे बदलल्याचे पैसे लावले आहेत. जुने भाग परत द्या असं मी जॉबकार्डवर लिहिलं होतं. खोक्यात निघाले चार. पाचवा कुठे आहे ते मला ठाऊक आहे, कारण तो अजून माझ्या गाडीतच आहे. आधीच्या मालकाने त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलेला होता, तो ठिपका तिथेच आहे, वरच्या धुळीसकट. आणि 'टक्' पूर्वी होता तेवढ्याच अंतराने येतो आहे. मोबाइलवर आवाजासह चित्रण केलं आहे, सोबत पाठवतो.

पुढची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. 'मागचे शॉक अब्सॉर्बर तपासले, स्थिती उत्तम', आणि त्याखाली अर्ध्या तासाची मजुरी. बाई, या गाडीला शॉक अब्सॉर्बर नाहीतच. वेगळे असे नाहीत. तेलाचा प्रवाह अडवून धक्के जिरवणाऱ्या बारीक झडपा गोळा जिथे सिलिंडरला बसतो तिथेच असतात. तुमच्या मेकॅनिकने अर्धा तास नेमकं काय पाहिलं, आणि ते 'उत्तम' आहे हे कशावरून ठरवलं, हे त्याला माझ्या वतीने अवश्य विचारा. घरी या ओळीवर खूप हसणं झालं. खालची ओळ वाचेपर्यंत.

खालची ओळ अशी : 'ब्रेक फ्लुइड डॉट ४, एक लिटर'.

गोळे काढले की थोडं ऑइल सांडतंच, ते भरून काढावं लागतं, तिथवर ठीक. पण या गाडीत चालतं ते एलएचएम नावाचं हिरवं खनिज तेल. सिट्रोएनने साठच्या दशकात डीएस या आधीच्या मॉडेलमध्ये जुनं लाल ऑइल सोडून हे घेतलं, तेव्हापासून या तेलाच्या टाकीवर आणि हायड्रॉलिकच्या भागांवर हिरवी खूण असते, कुणी चुकू नये म्हणूनच. डॉट ४ ग्लायकॉलच्या जातीचं. एलएचएमसाठी बनवलेल्या रबराला ते सोसत नाही. शिवाय सीएक्समध्ये ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन एकाच दाबाच्या यंत्रणेवर चालतात, मागच्या ब्रेकचा दाब तर मागच्या सस्पेन्शनमधूनच येतो. म्हणजे साध्या गाडीत चुकीचं ऑइल एका जागी गेलं असतं, इथे ते पंपापासून मागच्या चाकांपर्यंत सगळीकडे फिरलं.

बिलावर विश्वास ठेवू नका असं तुम्ही म्हणू शकता, निदान शॉक अब्सॉर्बरची ओळ वाचल्यावर तरी. म्हणून मी टाकीच्या तळातून नळीने थोडं ऑइल ओढून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत रात्रभर ठेवलं. सकाळी वर हिरवा थर, खाली पिवळसर, आणि मध्ये सरळ रेघ. खनिज तेल आणि ग्लायकॉल एकमेकांत मिसळत नाहीत, जड असलेलं खाली बसतं. बरणी हलवली की गढूळ होते, ठेवली की पुन्हा दोन थर. फोटो जोडला आहे, बरणी बघायला घरी कुणी आलं तरी हरकत नाही.

गाडी तुमच्याकडून घरी आणताना स्टिअरिंग मधेच जड झालं. सीएक्सचं दिरावी नावाचं हायड्रॉलिक स्टिअरिंग ज्याने चालवलं आहे त्याला यातली भीती कळेल, कारण एरवी ते बोटाने फिरतं आणि सोडलं की आपोआप सरळ येतं. दोन दिवसांनी मागच्या उजव्या चाकामागे ओल दिसू लागली आणि हायड्रॉलिक दाबाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. तेव्हापासून मी इंजिनाला हात लावलेला नाही. इथे ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाडीला एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीची, अट नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणजे तुमच्या मेकॅनिकनंतर या ब्रेककडे दुसरं कुणी बघणार नव्हतं.

ज्या स्लाव गावात १९२६ मध्ये सिट्रोएनने आपला कारखाना काढला आणि जिथे पुढे डीएस जोडल्या गेल्या, त्याच गावात हे घडावं याचं मला जास्त वाईट वाटतं. पण ते माझं मला, कंपनीने ते मनावर घ्यायचं कारण नाही. कंपनीने मनावर घ्यायचं ते हे : तुमच्या माहितीपत्रकावर 'हायड्रोन्यूमॅटिक सिट्रोएनचे तज्ज्ञ' असं ठळक छापलं आहे. ते वाचूनच मी गाडी तुमच्याकडे आणली. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याच्या कलम ५० प्रमाणे ग्राहकाने ज्या लेखी माहितीवर विसंबून निर्णय घेतला ती कराराचा भाग धरली जाते. काम योग्य काळजीने आणि कौशल्याने झालं पाहिजे हे कलम ४९. ते झालं नसेल तर ग्राहकाला तोशीस न लावता पुन्हा करून देणं, नाहीतर पैसे कमी करणं, हे पुढच्या कलमांत आहे.

मला पैसे परत देऊन मोकळं होऊ नका. पहिल्यांदा गाडी नीट करून द्या. सगळं ऑइल काढून पूर्ण यंत्रणा एलएचएमने धुवायची, टाकीतल्या जाळ्या साफ करायच्या, ऑइल जिथे जिथे पोचलं तिथली सील बदलायची : पंप, रेग्युलेटर, गाडीची उंची राखणारे हाइट करेक्टर, ब्रेक कॅलिपर, सस्पेन्शनचे सिलिंडर, स्टिअरिंग. पाचवा गोळा खरोखर बदलायचा. आणि हे काम तुमच्या त्या मेकॅनिकने करायचं नाही. सीएक्सवर हात बसलेला माणूस तुमच्याकडे नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाकडे न्या, खर्च तुमचा. शॉक अब्सॉर्बरची मजुरी आणि डॉट ४ चे पैसे मात्र रोखीने परत हवेत. उजव्या दाराखाली जॅक चुकीच्या जागी लावून पत्रा दाबला आहे, त्याचा फोटोही आहे, तो त्याच फेरीत सरळ करा.

चौदा दिवसांत लेखी उत्तर द्या. बिल मी क्रेडिट कार्डाने भरलं आहे, त्यामुळे १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ खाली बँकेकडे दावा लावता येतो, आणि रक्कम स्मॉल क्लेम्सच्या, म्हणजे कोर्टातल्या छोट्या दाव्यांच्या, मर्यादेत बसते. तिथवर जायची मला हौस नाही.

गाडी न्यायला माणूस पाठवाल तेव्हा त्याला आधी दोन गोष्टी सांगा. किल्ली फिरवून इंजिन सुरू करायचं नाही, विंचने ओढूनच चढवायची. आणि दाब गेल्यामुळे गाडी जमिनीला टेकल्यासारखी बसली आहे, साध्या उताराच्या ट्रकवर तिचा पुढचा ओठ घासेल, तेव्हा लांब रॅम्पचा ट्रक मागवा. तिच्याखाली हात घालायची वेळ आलीच तर नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही, खाली घोडे, म्हणजे आधाराचे लोखंडी स्टँड, लावूनच.

कळावे,

आपला,
वि. ज.

सोबत : बिलाची आणि जॉबकार्डची प्रत, बरणीचे, गोळ्याचे आणि पत्र्याचे फोटो, आवाजाचं चित्रण