कोकणात जुलै महिन्यात कोरडी जागा दाखवा, मंत्रीसाहेब

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

साहेब, मी सिंधुदुर्गात खाडीच्या तोंडाशी मेडिकल चालवतो. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा औषधांवर छापलेलं असतं, थंड व कोरड्या जागी ठेवा. थंडाचं आम्ही बघतो, फ्रीज आहे, एसी आहे, लाइट असली तर दोन्ही चालतात पण. कोरडं कुठून आणू? मृग लागला की गणपती जाईपर्यंत भिंतीला ओल, कपाटाच्या मागे बुरशी आणि हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास. अॅस्पिरिनची स्ट्रिप उघडली की कधीकधी व्हिनेगरसारखा वास येतो, म्हणजे ओल आत शिरली आणि गोळीतलं औषध बिघडायला लागलं. तिथे निदान वास तरी येतो हो, बाकीच्या गोळ्या मुकाट्यानं सादळतात आणि पेशंट म्हणतो डॉक्टरच्या औषधाचा गुण येत नाही.

आता हे गाऱ्हाणं तुमच्याकडेच का, तर औषध किती दिवस टिकतं हे ठरवायला ते ठराविक तापमानात आणि ठराविक आर्द्रतेत ठेवून तपासतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात प्रत्येक देशाच्या नावापुढे आकडे आहेत. भारतापुढे 30 अंश आणि 70 टक्के. मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, ब्राझील यांच्यापुढे 30 अंश आणि 75 टक्के. त्यांनी ठरवलं, आमची हवा दमट आहे, आमच्याकडे माल विकायचा तर आमच्या हवेत टिकवून दाखवा. मग आपल्याच देशातली कंपनी तिकडे माल पाठवताना 75 टक्क्यांवर तपासते आणि तेवढं टिकावं म्हणून गरज पडली तर पॅकिंग पण भारी करते. आम्हाला मात्र राजस्थान आणि रत्नागिरी एकाच आकड्यात बसवलेलं. पाच टक्क्यांनी काय होतं असं वाटेल, पण साध्या पारदर्शक प्लास्टिकच्या ब्लिस्टरमधून ओल हळूहळू आत जाते, दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियम असलेल्या अॅल्यु-अॅल्यु पॅकिंगमधून जवळजवळ जात नाही, आणि खर्च वाचवायचा म्हटलं की पहिली कात्री पॅकिंगलाच लागते. कोणी म्हणेल 40 अंश आणि 75 टक्क्यांची टेस्ट आपल्याकडे असतेच की. असते, पण ती सहा महिन्यांची, आणि खोक्यावरची एक्सपायरी दोन-तीन वर्षांची.

बरं, सॅम्पल फेल झालं की पहिला प्रश्न दुकानदाराला. 1940 च्या औषध कायद्यात कलम 19 मध्ये आम्हाला बचाव आहे, पण त्यात औषध नीट साठवलं होतं हे आम्हीच सिद्ध करायचं. साहेब, एकदा जुलैत या आणि माझं गोडाऊन बघा, कोरडी जागा सापडली तर मला पण दाखवा. आमच्या दुकानांचं सोडा, सरकारी उपकेंद्रात गळक्या कौलांखाली गोळ्यांचे खोके रचलेले असतात ते तरी बघा. आणि तौक्ते आलं तेव्हा, 2021 च्या मे मध्ये, कितीतरी गावांत दिवसच्या दिवस लाइट नव्हती, 2 ते 8 अंशांत ठेवायच्या इन्सुलिनचं तेव्हा काय झालं असेल ते कोणी विचारलंच नाही.

दर्जा म्हटलं की सगळे सिरपबद्दल बोलतात, बोललंच पाहिजे. 1986 मध्ये मुंबईत जेजे हॉस्पिटलात भेसळीच्या ग्लिसरॉलनं 14 माणसं गेली, त्यावर लेंटिन आयोग बसला. त्या भेसळीतलंच विषारी डायइथिलीन ग्लायकॉल 2022 ला गांबियात सापडलं, सिरप आपल्याकडचं. मग 1 जून 2023 पासून निर्यातीच्या कफ सिरपला आधी लॅबची टेस्ट सक्तीची झाली. निर्यातीच्या, हे लक्षात घ्या. आणि 2025 ला मध्य प्रदेशात छिंदवाड्यात अशाच कफ सिरपनं आपलीच पोरं गेली, बाटली देशातलीच, देशातच विकलेली. तेव्हा तुमच्या खात्यानं त्या कोल्ड्रिफ सिरपच्या एसआर-13 बॅचचा इशारा काढला ते चांगलंच केलं, पण माझ्यापर्यंत तो व्हॉट्सअॅपवरून पोचला, खात्याकडून थेट नाही. खरी बातमी कुठली आणि अफवा कुठली हे गिऱ्हाईक समोर उभं असताना कसं ठरवायचं सांगा.

बाहेरच्या जगाशी आपण हात मिळवतोय, त्याला माझा विरोध नाही, उलट आनंद आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये आपली फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या दर्जाचे निकष ठरवणारी संस्था, युरोप, जपान, अमेरिकेच्या गटात जाऊन बसली. कारखान्यांच्या तपासणीचे अहवाल एकमेकांना देणारा पीआयसी/एस नावाचा गट आहे, त्यात मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड कधीचे आहेत, आपण अजून बाहेर. निर्यात वर्षाला 30 अब्ज डॉलरच्या घरात गेली. आमच्या कोकणातल्या लोटे एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनतो, तो कुठे कुठे जातो, आणि सांडपाण्यानं मासे मरतात म्हणून दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडतायत ते वेगळंच, त्यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल.

आकडा बदलणं दिल्लीच्या हातात आहे, मला माहीत आहे. पण समुद्रकिनाऱ्याच्या राज्यांसाठी 75 टक्के करा असं पत्र तुम्ही लिहू शकता, केरळ आणि गोव्याला बरोबर घ्या, त्यांचं दुखणं तेच आहे. सरकारी खरेदीच्या टेंडरमध्ये कोकणासाठी अॅल्यु-अॅल्युची अट तर तुमचं सरकार स्वतःच घालू शकतं. इशारा निघाला की लायसन्सवरच्या मोबाईल नंबरवर बॅच नंबरसकट मेसेज पाठवा, नंबर तुमच्याकडे आहेतच. आणि सॅम्पल मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात नका उचलू, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात उचला, शेल्फवरून आणि उपकेंद्रातून पण. तेव्हा माल तीन महिने ओल खाऊन बसलेला असतो आणि चाकरमानी आले की तापाच्या गोळ्यांचा खप वाढतो. इन्स्पेक्टर कमी आहेत म्हणाल, तर आमच्या तालुक्याची सुरुवात माझ्या दुकानापासून करा.

आपला,
एक मेडिकलवाला, जि. सिंधुदुर्ग