बाई, वही परत पाठवते आहे

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइल फक्त फोन घ्यायला वापरता, तेव्हा हे पत्र तुमची नातच तुम्हाला वाचून दाखवेल. चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, ठाऊक आहे. पण मे महिन्यात तुमच्या ओटीवर बसून जे कळलं ते माझ्यासारख्या आणखी कुणाच्या उपयोगी पडेल, म्हणून उघडच लिहिते.

मी मूळची विज्ञानाची. शाळेत गायन शिकवणाऱ्याचं पद रिकामं राहिलं आणि ‘तुम्हाला पेटी येते ना’ एवढ्या भांडवलावर समूहगान माझ्या गळ्यात पडलं. गेल्या वर्षी स्पर्धेत आमचं काय झालं ते तुम्हाला सांगितलंच. रेकॉर्ड ऐकून गाणं निवडलं आणि रेकॉर्डच्याच पट्टीत, काळी एकला, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून, बसवलं. अंतरा तार पंचमाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘प’ला, गेला आणि २५ पोरांपैकी गात राहिल्या चौघी. बाकीची नुसते ओठ हलवत होती. पहिल्या रांगेतली एक तर माझ्याकडे बघून हसलीसुद्धा.

यंदा सुट्टीत २३ गाण्यांची यादी घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही ती वाचलीच नाहीत. पन्हं दिलंत आणि विचारलंत, “मुलं कुठायत?” निम्मी मामाच्या गावाला गेलेली. गावात होती ती सात गोळा केली. तुम्ही पेटी बंदच ठेवलीत आणि ‘खरा तो एकची धर्म’ म्हणायला लावलंत, आपापल्या मनाने उचला म्हणालात. पोरं गात असताना हळूच सूर शोधलात. पांढरी दोन, म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी. तेवढं वहीत टिपलंत. मी मात्र आधी पट्टी धरायची आणि मग मुलांना तिच्यात कोंबायची.

त्यानंतर यादीला हात लागला. प्रत्येक गाण्यापुढे त्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर लिहायला लावलात. मंद्र पंचमापासून, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘प’पासून, तार पंचमापर्यंत पसरलेली सहा निघाली. पट्टी उतरवली तर मुखडा विहिरीत, चढवली तर अंतरा माडावर! सहाही गेली. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ मी स्पर्धेसाठी धरलं होतं. २०२३ साली ते राज्यगीत झालं, मुलं रोज परिपाठाला म्हणतात, म्हटलं तयारच आहे. “म्हणतात की ओरडतात?” एवढंच विचारलंत. खोडलं. जोडाक्षरांनी ठासून भरलेली दोन संस्कृत गीतं निव्वळ माझ्या हौसेपायी यादीत होती, तीही गेली.

तुकोबांचं ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं’ राहिलं, पण सगळ्यांच्या कानात बसलेल्या चालीत नाही. तुम्ही भजनातली साधी चाल दिलीत, ‘सा’ ते ‘ध’ एवढ्यातच फिरणारी. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून उचलायची. अंतऱ्यात मुलांचा दम तुटतो म्हणून मी वर्षभर रडत होते. इथे ऐकता ऐकताच त्यांना श्वास घ्यायला मिळतो.

आणि आवाज फुटलेली ती पाच मुलं. आठवीतली, त्यांना मी यंदा वगळणारच होते. तुम्ही म्हणालात, त्यांना खालचा षड्ज, म्हणजे ‘सा’, दे, तंबोऱ्यासारखा धरू देत, सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर करून पाहिलं. पहिल्या दिवशी पाच जणांचे पाच षड्ज. आठवड्याने बऱ्यापैकी जुळले. एक जण अजूनही मध्येच वर सटकतो. आवाज त्याच्या ताब्यातच नाही, करणार काय बिचारा! पण सगळ्यांच्या खाली तो सूर लागला की वरच्या मुलीसुद्धा हलत नाहीत, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

२३ मधली पाच उरली आहेत. तुमची वही नातीच्या हाती परत पाठवते. नवं कव्हर घातलंय, आतल्या पानांना हात लावलेला नाही. फक्त शेवटच्या पानावर तुम्ही खोडलेलं एक गाणं मी पेन्सिलीने पुन्हा लिहिलंय. तार मध्यमापर्यंत, वरच्या ‘म’पर्यंत, जातं, माहीत आहे मला. पण स्नेहसंमेलनाला अजून सहा महिने आहेत. रागवायचं तर रागवा, पण ऐकायला या. एसटी स्टँडवर न्यायला मी येते.

तुमची,
उशिरा मिळालेली विद्यार्थिनी