‘खान’ आहे म्हणून मुसलमान?

महोदय,

इतिहासाच्या गप्पांत चंगीझखानाला सर्रास मुसलमान ठरवले जाते; का, तर नावात ‘खान’ आहे! खान ही मध्य आशियातल्या सत्ताधीशांची जुनी पदवी. तेमुजिन (चंगीझचे मूळ नाव) आकाशदेव तेंग्रीला भजणारा. १२०६ मध्ये मंगोल टोळ्यांच्या सभेत तो ‘चंगीझखान’ झाला. उलट मध्य आशियातल्या ख्वारज्म राज्यातील ओत्रार शहराच्या सुभेदाराने त्याचा व्यापारी तांडा हेर समजून कापून काढला, तेव्हा चंगीझने ख्वारज्मच्या मुस्लिम सुलतानाचे राज्यच धुळीला मिळवले. बुखारा, समरकंदही त्यातून सुटले नाहीत. नातू हुलागूने तर १२५८ मध्ये बगदाद लुटून खलिफालाच ठार केले. गंमत अशी, की याच हुलागूचा पणतू गझान १२९५ मध्ये मुसलमान झाला.

आपल्या बखरींतला ‘मोगल’ शब्दही ‘मंगोल’चेच फारसी वळण. बाबर मात्र तैमूरचा वंशज म्हणून मिरवी. आईकडून चंगीझशी नाते असूनही मोगलांबद्दल त्याचे मत वाईटच होते, आणि हिंदुस्थानात त्याच्या घराण्याला नेमके तेच नाव चिकटले.

– एक वाचक, सातारा