पहिला दिवस वॉर्ड ओळखण्याचा असावा

महोदय,

नर्सिंगच्या विद्यार्थिनी न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात प्रात्यक्षिकासाठी येतात, तेव्हा पहिल्याच सकाळी हाती बीपीचे यंत्र देऊन त्यांना कामाला लावले जाते. परिसेविका असताना काही वर्षे मीही हेच केले. एकदा एका मुलीने रुग्णाला नीट बसता यावे म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली, परंतु त्याआधी मेंदूतील पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची चावी बंद करायची असते, अन्यथा पाणी गरजेपेक्षा जास्त वाहून जाते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. शेजारच्या सिस्टरचे लक्ष गेले म्हणून निभावले. (बोलणी मात्र त्या मुलीनेच खाल्ली.)

त्यानंतर मी पहिला दिवस कामाविना ठेवू लागले. रुग्ण किती शुद्धीवर आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचे ३ ते १५ गुण रुग्णाजवळ उभे राहून कसे द्यायचे, टॉर्चने दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या कशा पडताळायच्या आणि गुण घसरताच कोणाला हाक मारायची, एवढेच त्या दिवशी शिकवत असे. मनुष्यबळ अपुरे आहे हे मान्य. तरी ती तूट विद्यार्थिनींकडून भरून काढू नये आणि महाविद्यालयांनी पहिल्या आठवड्यात तरी त्यांच्यासोबत शिक्षिका पाठवावी.

– एक निवृत्त परिसेविका, पुणे