मॅडम, मला तूच म्हणा

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

परवा वर्गात शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधला तिसऱ्या अंकाचा चौथा प्रवेश घेत होते. मध्येच एका पोराला विचारून बसले, "आई रागावली की तुला काय म्हणते रे?" विचारलं आणि मग लक्षात आलं, हा प्रश्न तर तुमचा.

मी तेव्हा बीएच्या तिसऱ्या वर्षाला होते. बारावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे गाईडमधला सारांश पाठ करायचा एवढंच माहीत. 'दाऊ', 'दी', 'दाय' (thou, thee, thy) ही 'तू, तुला, तुझा'ची जुनी इंग्रजी रूपं दिसली की डोळे पुढच्या ओळीवर. 1611च्या इंग्रजी बायबलात देवाला 'दाऊ' म्हटलंय, म्हणून मला तो मानाचा शब्द वाटायचा! तुमच्या प्रश्नावर मी म्हणाले होते, "आई म्हणते, आलात का महाराणी? बसा, ताट वाढते तुम्हाला." वर्ग हसला. तुम्ही मात्र म्हणालात, "हॅम्लेटची आई गर्ट्रूड हेच करते."

ती मुलाला आधी म्हणते, "हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड." म्हणजे, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलंस. हे वडील म्हणजे सावत्र बाप क्लॉडियस. मुलगा उलटून म्हणतो, "मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड." शब्द जवळजवळ तेच, पण त्याचे वडील म्हणजे मारले गेलेले सख्खे. आणि पुढच्याच वाक्यात आईचं 'दाऊ' जाऊन 'यू' येतं. तू गेलं, तुम्ही आलं. आमच्या स्वयंपाकघरातलं भांडण एल्सिनोरच्या राजवाड्यात!

त्या आठवड्यात मी अख्खं नाटक पेन्सिल घेऊन वाचलं. हॅम्लेट त्याच्या प्रेयसीला, ऑफेलियाला, 'आय डिड लव्ह यू वन्स' म्हणतो आणि लगेच 'गेट दी टू अ ननरी'वर, म्हणजे 'जा मठात'वर येतो. इथलं 'दी' मायेचं नाही, अरे-तुरेवर येण्यातलं आहे. आपलंही तसंच की. देवाला तू, लेकराला तू आणि नळावर भांडताना शेजारणीलाही तू.

माझा उत्साह उतू जायला लागला तेव्हा तुम्हीच आवरलंत. 1609 साली छापलेली शेक्सपिअरचीच सुनीतं पुढे ठेवलीत. त्यात एकाच मित्राला कुठे 'दाऊ', कुठे 'यू'. "प्रत्येक ठिकाणी राग-लोभ शोधू नकोस, कधी कवीला नुसता नाद हवा असतो." हे मी अजून पूर्ण मानलेलं नाही, पण वर्गात सांगते.

ती पेन्सिल कॉलेजच्या ग्रंथालयाच्या प्रतीवर चालली होती, हेही कबूल करते. दंड भरायला येईन.

मॅडम, मनापासून आभार. आणि एक तक्रार. मी नोकरीला लागल्यापासून तुम्ही फोनवर मला 'तुम्ही' म्हणायला लागलात. मला गर्ट्रूड आठवते आणि छातीत धस्स होतं. तूच म्हणत जा ना.

तुमची,
तिसऱ्या बाकावरची