सोन्या, जरा पैसे खर्च कर रे

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हा विषय काढला की तू "हो गं आई, बघतो" म्हणतोस आणि लगेच मी गोळ्या घेतल्या का विचारतोस, म्हणून टाइप करत बसलेय. एवढा लांबलचक मेसेज बघून वैतागशील पण वाच. गुंतवणूक शिकवायला बसले नाहीये, त्यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दिवाळीत तुमच्याकडे राहिले तेव्हा बघितलं, तू एकाच बाजूने चावत होतास. चकली बाजूला काढून ठेवलीस, तू! विचारलं तर म्हणालास दाढ जरा ठणकते, लवंग ठेवतोय. नंतर सूनबाईकडून कळलं की ती उन्हाळ्यापासून दुखतेय, डॉक्टरने तेव्हाच सिमेंट भरायचे दीड हजार सांगितले होते आणि तू "पुढच्या महिन्यात बघू" करून खुर्चीतून उठून आलास. आता रूट कॅनल आणि वर कॅप, म्हणजे आठ-दहा हजार कुठे गेले नाहीत. तुझा पगार किती ते मला माहितीये, इथे लिहीत नाही, पण दीड हजार नव्हते असं तर तू देवासमोर पण म्हणू शकणार नाहीस.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले सोड गं, पोरगं पैसा उडवत तर नाही ना, लोकांची पोरं बघ क्रेडिट कार्डाचे हप्ते भरतायत. बाबांचं हे नेहमीचं. जे उडवत नाही ते शहाणं, संपला विषय. मला ते पटत नाही.

आपल्या घराला काटकसर काय नवीन नाही रे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तुझे आजोबा त्यातलेच, आणि तो संप मागे घेतला असं कधी कुणी सांगितलंच नाही, नुसता विरून गेला, माणसं मात्र घरी बसली ती बसलीच. मी या घरात आले त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, तरी लालबागच्या त्या खोलीत सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या. आजी साबणाच्या चिपा एकमेकींना चिकटवून वडी करायच्या. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर. वाण्याच्या पुडीचा दोरा आजोबा बोटाला गुंडाळून डब्यात ठेवायचे आणि तो डबा मी कधी रिकामा बघितला नाही. सुरुवातीला मला हसू यायचं, मग सवय झाली, मग मी पण तेच करायला लागले. चाळीत कोणी कोणाला कंजूष म्हणायचं नाही, सगळेच तसे.

पण त्यातली एक गोष्ट तू ऐकली नसशील. संप चालू होता तेव्हा बाबांची दहावी आली. घरात पगार बंद, आजी खानावळ चालवत होत्या, चार-सहा माणसं जेवायला असायची तेवढ्यावर सगळं. तरी आजोबांनी आजीच्या पाटल्या मोडून क्लासची फी भरली, आणि आजी सांगायच्या की मोडताना त्यांनी दोनदा विचार केला नाही. आत्याला ताप आला तर दुसऱ्या दिवशी उजाडताच केईएमच्या लायनीत. दोरा गुंडाळणारा माणूस होता तो, पण कुठे हात सोडायचा ते त्याला बरोब्बर कळत होतं. दोरा वाचवायचा तो पाटल्या मोडायची वेळ येऊ नये म्हणून, आणि आलीच तर मोडायच्या. तुला आम्ही तीच काटकसर शिकवली आणि ते बरोबरच शिकवलं, त्याबद्दल मला काडीचं वाईट वाटत नाही.

तुझं वेगळं झालंय. तुझ्या वाचवण्याला "कशासाठी" हे मला सापडत नाही. मागे तू समजावलं होतंस ना, वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमले की माणूस नोकरीतून मोकळा, ते १९९४ सालचं कोणा बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागाराचं गणित, दरवर्षी त्यातले चार टक्के काढून जगायचं वगैरे. मला आवडलं होतं ते. म्हटलं चला, पोराने एक आकडा ठरवलाय, तिथे पोचला की श्वास घेईल. मग म्हणालास ते अमेरिकेच्या बाजारावरून काढलंय, आपल्याकडे महागाई जास्त, ३० पट धरू. तेही मानलं, त्यात तथ्य आहे. या दिवाळीत ऐकलं ४० पट. अरे, आकडा जवळ आला की तूच तो पुढे ढकलतोस. आणि खर्चाच्या पट धरायची म्हणून खर्चच कमी करत चाललायस, म्हणजे दाढ न भरणं हा पण हिशोबाचाच भाग झाला.

माझं अर्धं आयुष्य बँकेच्या काउंटरला गेलं, तुला माहितीये. पैसे नसलेली माणसं बघितली तशी पैशाला घाबरणारी पण बघितली. एक गृहस्थ यायचे, दर आठवड्याला पासबुक भरून घ्यायला, आठवडाभरात त्यात एक ओळ पण नवीन नसायची. मशिनमधून काढून देताना ते पासबुक दोन्ही हातांनी घ्यायचे. एफडी संपली की व्याजासकट परत तीच, कधी व्याज सुद्धा काढलं नाही. एकदा चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीने बांधून आलेले. आम्ही आत चहा पिताना हसायचो. ते गेल्यावर कोणी क्लेम करायला बराच काळ आलंच नाही, घरात कोणाला माहितीच नव्हतं कुठे किती आहे, कारण त्यांनी सांगितलंच नव्हतं, सांगितलं तर मागतील ना. अशी खाती दहा वर्षं पडून राहिली की रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात. मार्च २०२४ अखेरीला त्या फंडात ७८ हजार कोटींच्या वर होते, वाचलं तेव्हा मला ते गृहस्थ आठवले. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये उद्गम म्हणून पोर्टल काढलं, विसरलेल्या ठेवी शोधायला. सगळेच काही घाबरट नसणार त्यात, बरेचसे नुसते विसरभोळे, पण असो.

तुझ्या भीतीला काहीच आधार नाही असं मी म्हणत नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं तेव्हा तू रात्री दोनला जागा होतास, सूनबाई सांगत होती. तुझी कंपनी वेगळी असली तरी हिंजवडीत प्रत्येकाच्या पोटात गोळा आला असेल. अशा नोकरीत सहा महिन्यांचा, हवं तर वर्षाचा खर्च बाजूला असलाच पाहिजे. तुझ्याकडे चार वर्षांचा आहे. तोही कुठे, तर सेव्हिंग खात्यात, अडीच-पावणेतीन टक्क्यांवर, का तर कधीही काढता येतो. चार बँकांत विभागून ठेवलास ते मात्र शाबास, एका बँकेत ५ लाखांपर्यंतच ठेवींना विमा असतो (आधी १ लाख होता, फेब्रुवारी २०२० ला वाढला), हे शिकलेल्या लोकांना पण माहीत नसतं. पण कधीही काढता येणारे पैसे तू कधीच काढत नाहीस, त्याचं काय करायचं?

आणि गंमत बघ, ज्या संकटाला घाबरून साठवतोस त्या संकटाची तयारी शून्य. स्वतःचा मेडिक्लेम नाही, "कंपनीचा आहे ना". नोकरी जाईल म्हणून झोप लागत नाही आणि नोकरीबरोबर जाणारा विमा मात्र चालतो! टर्म प्लॅन, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, तोही नाही, कारण जगलो तर पैसे परत मिळत नाहीत. प्रीमियम म्हणजे वाया गेलेला पैसा असं तुझ्या डोक्यात बसलंय. आता तर वैयक्तिक मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी पण काढला, २२ सप्टेंबर २०२५ पासून, तरी तुझं अजून "कंपेअर करतोय" चालूच. एवढा हुशार मुलगा तू, हे तुला दिसत नाही असं नाही, पैसे हातातून सुटताना काहीतरी होतं तुला, तेवढंच आहे.

ते काहीतरी होतं म्हणजे काय हे मी माझ्या मैत्रिणीच्या मुलीला विचारलं, ती काउन्सेलर आहे, तुझं नाव नाही सांगितलं. तिने मला एक अभ्यास सांगितला, २००८ सालचा, अमेरिकेतल्या तीन संशोधकांचा. त्यात त्यांना दिसलं की काटकसरी माणूस आणि चिक्कू माणूस वरून सारखे दिसतात पण आतून वेगळे, काटकसरीला वाचवण्यात मजा येते आणि चिक्कूला खर्च करताना त्रास होतो. मी लगेच आजोबांचा चेहरा आठवला, दोऱ्याचा डबा उघडला की खूश. तुला मी वाचवून खूश झालेला किती दिवसांत बघितला नाही. मागच्या वर्षी बूट घेतलेस, गरजेचे होते, तळवा फाटला होता, आणि नंतर आठवडाभर घरात तोंड पाडून बसलास, परत करता येतील का बघत होतास. ती असंही म्हणाली की अमेरिकेत मानसिक विकारांची जी यादी डॉक्टर वापरतात तिच्यात एका व्यक्तिमत्त्व विकाराच्या आठ लक्षणांपैकी एक हेच आहे, स्वतःवर आणि दुसऱ्यांवर पण खर्च करायला हात आखडणं, पुढे अरिष्ट येणार म्हणून पैसा धरून ठेवणं. एका लक्षणावरून कोणाला काही होत नाही हे तिने मला दोन-तीनदा बजावलं, मी पण तुला आजारी ठरवत नाहीये, मला लेबलं लावायला आवडतही नाही. पण "दुसऱ्यांवर पण" हे ऐकल्यावर मी गप्प बसले.

कारण सूनबाई. तिने माझ्याकडे तक्रार केली असं समजू नकोस, ती तसली नाहीये, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. बाजारातून आली, कुर्ता आणला होता, लिफ्टमध्येच तिने पर्समधून नेलकटर काढून कुर्त्याचं लेबल कापलं आणि वर येऊन तुला निम्मी किंमत सांगितली. सहज. किती वेळा केलं असेल तेव्हा इतकं सहज जमतं! ती कमावते रे, तिच्या पैशाचा कुर्ता. तरी तू "एवढ्याला?" म्हणालास, त्या निम्म्या किमतीला. तिच्या भावाच्या लग्नात अहेर किती द्यायचा यावर तुम्ही दोन दिवस बोलत नव्हतात हे मला तिच्या आईकडून कळलं, आणि खरं सांगू, विहीणबाईंसमोर मला काय बोलावं सुचलं नाही. मे महिन्यात पुण्यात एसी असून फक्त पाहुणे आले की लावायचा. गावी जायचं तर स्लीपर, मिळाली नाही तर जायचंच नाही. मित्रांनी ट्रिप काढली की तुला नेमकं काम निघतं, आणि आता ते विचारत पण नाहीत, हे तू मला हसत सांगितलंस. मला नाही हसू आलं.

लोक म्हणतात चमडी जाईल पण दमडी जाणार नाही. तुझ्या बाबतीत चमडी बायकोची पण जातेय.

आता काय करायचं ते सांगते, ऐकणार नसशील तरी. एक वेगळं खातं उघड, त्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम जाऊ दे, तुमच्या पगाराच्या मानाने लहानच ठेव, पण महिनाअखेर ती शून्य झाली पाहिजे. उरली तर पुढच्या महिन्यात ढकलायची नाही, सूनबाईला देऊन टाकायची, तिला जमेल संपवायला. त्या खात्याचा एक्सेलमध्ये हिशोब नाही ठेवायचा. तुला हे पाणी अंगावर घेण्यासारखं गार लागेल पहिल्यांदा, लागू दे. मेडिक्लेम या महिन्यातच, कंपेअर झालं असेल तेवढं पुरे. सूनबाईला सगळ्या खात्यांची यादी लिहून दे, नॉमिनी तपास, हे मी आई म्हणून नाही, काउंटरवरची बाई म्हणून सांगतेय. आणि कोणाशी तरी बोल. काउन्सेलरची फी ऐकून तू पळशील म्हणून आधीच सांगते, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, २०२२ च्या ऑक्टोबरपासून, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू असते आणि फुकट आहे. म्हणजे तुझ्या नियमात बसते.

शनिवारी तुझी दाढेच्या डॉक्टरांकडे साडेदहाची वेळ घेतलीये, सूनबाईने अ‍ॅडव्हान्स पण भरलाय आणि तो परत मिळत नाही, मीच तिला तसं करायला सांगितलं. मी शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याहून शिवनेरीने येतेय. साधी गाडी नाही. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून तुझा जीव शांत होईल, पण पूर्ण असतं तरी त्यानेच आले असते. वाकडला उतरले की फोन करीन, न्यायला येशील तो रिक्षाने ये. "चालत दहा मिनिटं तर आहे" हे मला ऐकवायचं नाही, गुडघे माझे आहेत.

तुझी आई

ता. क. चकल्यांचं पीठ आणतेय. दाढ भरून झाली की तळते.