पत्र्याचा घाम ओळखणाऱ्या काकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, राहू दे" म्हणून विषय बदलता. फोनवरही तेच. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय, मध्येच तोडायची सोय नको. शिवाय पत्र्याच्या छोट्या शेडमध्ये सुतारकाम, वेल्डिंग नाहीतर दुरुस्तीचं काम मांडून बसलेले पुष्कळ लोक आहेत. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांच्याही कानावर जावं, हा थोडा स्वार्थ आहेच.

ऊन-थंडी अडवायला माझी शेड आतून भरून (इन्सुलेशन करून) घ्यायची म्हटल्यावर ज्याला विचारावं तो एखाद्या मालाचं नाव सांगायचा. कुणी ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर), कुणी थर्माकोल, कुणी फवारणीचा पफ (पॉलियुरेथेन फोम), तर कुणी तो चकाकणारा बुडबुड्यांचा कागद. तुम्ही कशाचंच नाव घेतलं नाहीत. आत आलात, पर्लिनच्या, म्हणजे छताचा पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पोलादी पट्टीच्या, खालच्या कडेवरून बोट फिरवलंत, बोटाला लागलेला तांबूस डाग मला दाखवलात आणि विचारलंत, "पहाटे कधी इथे उभी राहिली आहेस का?"

जन्मभर कोल्ड स्टोरेजची पॅनेल बसवलेल्या माणसाला पाणी आधी दिसतं, हे मला तेव्हा कळलं. छत गळत नव्हतं, पण घामेजत होतं. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी गार होतो. आतली दमट हवा त्याला टेकली की वाफेचं पाणी होतं. तुम्ही आकडेही तोंडपाठ सांगितलेत: 30 अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, तीच हवा 20 अंशांवर आली की जेमतेम 17 ग्रॅम. उरलेलं पाणी कुठेतरी बसणारच, आणि सगळ्यांत गार जागा पत्र्याचीच. तिथून ते पर्लिनवर, स्क्रूंच्या टोकांवर, आणि शेवटी माझ्या बीडाच्या टेबलसॉवर, म्हणजे टेबलात बसवलेल्या करवतीवर.

"मग आता यात कापूस कोंब," असं तुम्ही म्हणालात, आणि पुढे काय होईल ते तुमच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. ग्लासवूल हवा अडवत नाही. ओली हवा त्यातून आरपार जाऊन पत्र्याला भिडणार, लोकर भिजणार, भिजली की तिचा उपयोग संपणार, आणि हे सगळं प्लायच्या मागे, डोळ्याआड. गंज बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला.

त्या दिवशी तुम्ही खडूने दारावर कामाचा क्रम लिहून दिलात: पाणी, हवा, वाफ, ऊब. मी "ऊब" या शेवटच्या शब्दापासून सुरुवात करायला निघाले होते, तुम्ही मला पहिल्यापाशी नेऊन उभं केलंत.

पाण्याचं काम कंटाळवाणं होतं आणि त्यातच सगळ्यांत जास्त वेळ गेला. छतावरचा एकेक स्क्रू तपासायचा. तुम्ही दाखवलंत तसं: रबराचा वॉशर पत्र्यावर नुसता बसलेला हवा. चेपून बाहेर आला असेल तर स्क्रू जास्त आवळलाय, आणि तो वॉशर उन्हात फाटणार. हाताने फिरत असेल तर पाणी आत येणारच. जिथे भोक मोठं झालं होतं तिथे सिलिकॉनचं लिंपण करायला तुम्ही साफ नकार दिलात आणि एका नंबरने जाड स्क्रू टाकायला लावलात. मग जमीन. काँक्रीटवर हातभर रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवायला सांगितलात. सकाळी खालच्या बाजूला थेंब दिसले असते तर जमिनीतूनच ओल येतेय असा अर्थ, आणि मग भिंतींचं काम थांबवून आधी तिचा बंदोबस्त. सुदैवाने तुकडा कोरडा निघाला. पण ही साधी तपासणी मला आधी कुणीच सांगितली नव्हती.

हवेच्या फटी तर मोजण्यापलीकडच्या. नालीदार पत्रा जिथे खालच्या पट्टीला मिळतो तिथे प्रत्येक नालीत एक खिडकीच असते म्हणा ना. तिथे पत्र्याच्याच आकाराचे फोमचे फिलर बसवले. छताच्या वळचणीला आणि मोभाशी मात्र फिलर लावायचे नाहीत, जाळी लावायची, हे तुम्ही दोनदा बजावलंत. पत्रा आणि आतला थर यांच्यामधली हवा वळचणीतून आत शिरून मोभाकडून बाहेर पडली पाहिजे. पत्र्याखाली थेंब जमलेच, तर ते बोर्डावर पडून उतारानं बाहेर निघून जातील.

छताला आपण दोन्ही बाजूंनी फॉइल असलेले पफचे कडक बोर्ड लावले, पण पर्लिनच्या मध्ये न कोंबता खालून, सलग. याचं कारण तुम्ही फार छान सांगितलंत. पोलादातून उष्णता लोकरीच्या मानाने हजारपटीहून जास्त वेगाने जाते. उष्णता वाहून नेण्याचा पोलादाचा आकडा 50 च्या आसपास, लोकरीचा 0.04. दोन पर्लिनमध्ये कितीही उत्तम माल भरा, पर्लिन स्वतः उघडी राहिली तर उष्णता तिच्यातून बिनधास्त ये-जा करते आणि घामही नेमका तिथेच सुटतो. बोर्ड खालून गेले, सांधे अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने बंद झाले आणि तोच वाफ अडवणारा पडदाही झाला. फवारणीचा पफ घट्ट चिकटतो, फटीही भरतो, त्याचे गुण तुम्ही नाकारले नाहीत. तुमचा आक्षेप एवढाच की एकदा मारला की पत्रा बदलता येत नाही आणि गळती कुठे आहे ते शोधता येत नाही. "जे उघडता येत नाही ते बंद करू नये," असं म्हणालात. मला पटलं. मोठ्या शेडला कदाचित वेगळा हिशोब लागेल, माझ्या एवढ्याशा जागेला हाच बरोबर.

बुडबुड्यांच्या कागदाबद्दल तुमचं मत इथे जसंच्या तसं लिहित नाही. सभ्य भाषेत एवढंच, की चकाकी काम करते ती समोर मोकळी हवा असेल तेव्हाच. पत्र्याला चिकटवून लावला की तो नुसता काही मिलिमीटरचा प्लास्टिकचा कागद.

भिंतींना लाकडी चौकट पत्र्यापासून 25 मिलिमीटर अलग उभी केली, तिच्यात 50 मिलिमीटर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), आणि आतल्या बाजूने जाड पॉलिथिन. पडदा आतून का बाहेरून, यावर मी खूप डोकं खाल्लं तुमचं. कोल्ड स्टोरेजला तो बाहेरून असतो, मग इथे उलटा का? तुमचं उत्तर असं: जिकडे हवा जास्त गरम आणि दमट, तिकडे पडदा. थंडगार खोलीला ती बाजू बाहेरची. माझ्याकडे एसी नाही, थंडीत शेगडी पेटते आणि आतलीच हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असते, म्हणून आतून. दमट, गरम हवेच्या भागात कुणी दिवसभर एसी लावून बसणार असेल तर त्याला हे उलटं करावं लागेल. शेगडीवरून आठवलं. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन आत मिसळतं, हे ऐकल्यापासून धुरांड्याशिवायची शेगडी मी काढून टाकली आहे.

तुमचा सगळ्यांत बारीक सल्ला चौकटीच्या खालच्या लाकडाचा. वाळवीसाठी तांब्याचं औषध दिलेलं लाकूड थेट जस्ताच्या पत्र्यावर बसवलं तर ओल लागताच ते जस्त खातं. म्हणून मध्ये डांबरी फेल्टची पट्टी. ती अंथरताना तुम्ही गुडघे धरून खाली बसलात, पट्टीची कड नखाने दाबून पाहिलीत, एका ठिकाणी सुरकुती होती ती उचलून पुन्हा बसवलीत. ती जागा आता कायमची झाकली गेलीय, कुणालाही दिसणार नाही. पण ते काम मला माहीत आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

वायरिंगच्या वेळीही तुम्ही हजर होतात. थर्माकोलला पीव्हीसीची वायर टेकली की वायरमधला मऊपणा देणारा अंश त्यात उतरतो आणि वायर कडक होऊन तडकते. आपल्याकडे थर्माकोल नव्हताच, तरी सगळ्या वायरी पाइपातूनच नेल्या. पोलादातून जिथे वायर जाते तिथे रबरी कडी, अख्ख्या सांगाड्याला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच). याबद्दल जास्त लिहित नाही, इलेक्ट्रिशियनला विचारल्याशिवाय कुणी हात घालू नये.

आतून भिंतींना 12 मिलिमीटर प्लाय लावला, कारण कुठेही फळी ठोकता येते. जिप्सम बोर्डाला ती ताकद नाही. छताला मात्र जिप्समच. पफ पेट घेतो, त्याला उघडा ठेवायचा नाही, हे तुमचं पक्कं म्हणणं. वेल्डिंगच्या कोपऱ्यात प्लाय नाही. तिथे पडदा पॉलिथिनचा नाही, फॉइलचा, आणि वरून सिमेंट बोर्ड. मागे रॉकवूल आहेच, ती हजार अंशांपर्यंत वितळत नाही. ठिणगी उडाली तरी जीव खाली-वर होत नाही. प्लायच्या दोन तक्त्यांमध्ये 3 मिलिमीटरची फट सोडायला लावलीत. तेव्हा ओळंबा आणि गुण्या लावून काटेकोर काम करणाऱ्या मला ती डोळ्यांत खुपायची. सुतारकामात आपण फट म्हणजे पाप समजतो! पण लाकूड ओलीने फुगतं, आणि सहा मीटरचा पोलादी पत्रा 40 अंशांच्या फरकाने जवळजवळ 3 मिलिमीटर लांबतो. जागा दिली नसती तर तक्ते फुगून पुढे आले असते. तळाशीही बोटभर जागा सोडून वरून पट्टी मारली, जमिनीचं पाणी वर चढू नये म्हणून.

काका, या सगळ्यात तुम्ही हातात हत्यार फार कमी वेळा घेतलंत. मला करू दिलंत, आणि पुढचा थर चढायच्या आधी प्रत्येक वेळी येऊन बघितलंत. घाई करणाऱ्या माणसाला थांबवणं आणि त्याला राग येऊ न देणं हे तुम्हाला कसं जमतं कोण जाणे. मला तर एकदाही राग आला नाही, आणि मी काही थंड डोक्याची नाही हे तुम्ही जाणताच.

परवा पहाटे पर्लिनच्या बाजूने बोर्डात मुद्दाम ठेवलेलं तपासणीचं झाकण उघडून पाहिलं. आतला धातू कोरडा होता. टेबलसॉला आता महिनोन्‌महिने तेल पुसावं लागत नाही. पाऊस पडताना आत बोललेलं ऐकू येतं, हा जास्तीचा फायदा.

आता शटर उरलंय. त्याच्या पट्ट्यांमधून वारा येतोच. आतून दोन पानी दार लावायचा विचार आहे, चौकट तयार आहे. खालच्या फटीला रबर लावू की ब्रश, हे ठरेना. जमीन तिथे थोडी असमान आहे, म्हणून माझा कल ब्रशकडे आहे. रविवारी येऊन एकदा बघून जा. तुमची लेव्हल ट्यूबही माझ्याकडेच राहिली आहे, ती तेव्हा घेऊन जा.

तुमची,
पत्र्याच्या शेडवाली